दोन गाड्या एकदम का येतात? शहर बसविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शहर बसविषयी प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं छत्रपती संभाजीनगरातून आली, थोडी जालन्याची, परभणीची. मी एसटीत वाहक म्हणून लागलो आणि पुढं वाहतूक नियंत्रक झालो. शहर बस एसटीकडं होती त्या काळात तिच्या फेऱ्या लावणं हे माझं रोजचं काम होतं. आता शहरात स्मार्ट सिटीची बस धावते, गाड्या नव्या आहेत, तिकिटाचं मशीन नवं आहे. फेरी लावायचं गणित मात्र तेच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : मी कॉलेजला बसनं जाते. पाऊण तास गाडी येत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या मागोमाग येतात. पुढची खचाखच भरलेली, मागची रिकामी. ड्रायव्हर मुद्दाम असं करतात का? (विद्यार्थिनी, गारखेडा)

मुद्दाम कुणी करत नाही, बाळा. उलट ड्रायव्हरला याचा सगळ्यात जास्त त्रास. कसं होतं ते सांगतो.

समजा एक मार्ग आहे. रेल्वे स्टेशनहून निघायचं, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स करत सिडको बसस्थानक गाठायचं आणि पुढं चिकलठाणा. दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटते. त्यातली एक गाडी क्रांती चौकात अडकली, तीन मिनिटं गेली. आता पुढच्या थांब्यावर तिला पंधराऐवजी अठरा मिनिटांत जमलेली माणसं भेटणार. माणसं जास्त म्हणून चढायला वेळ जास्त. आत दाटी झाली की उतरणाऱ्याला दारापर्यंत यायलाच अर्धं मिनिट लागतं. कुणाकडं सुटे नाहीत, कुणाचं पोतं दारात अडकलंय. मोंढा नाक्यापर्यंत तीन मिनिटांची पाच होतात, सेव्हन हिल्सपर्यंत आठ. मागच्या गाडीचं नेमकं उलटं होतं. तिच्या वाट्याला थांब्यावर माणसंच उरलेली नसतात. ती कुठं क्षणभर थांबते, कुठं नुसती हळू होऊन निघते, आणि सिडको यायच्या आत पुढचीला गाठते. या दोघींच्या पुढं आणि मागं मोठी पोकळी पडते. तू ज्या थांब्यावर पाऊण तास उभी असतेस, तो त्या पोकळीतला थांबा.

न्यूएल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ साली हे गणितानं मांडून दाखवलं, की बसला लागलेला उशीर आपोआप भरून निघत नाही, वाढत जातो. आमच्या कंट्रोलर मंडळींनी ते गणित वाचलेलं नव्हतं, पण इलाज त्यांना ठाऊक होता. मागची गाडी रोखायची. सिडकोला दोन गाड्या लागोपाठ दिसल्या की मी मागचीला चार-पाच मिनिटं धरून ठेवायचो. आतली माणसं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायची, "ओ साहेब, गाडी मोकळी हाय, सोडा की!" त्यांचा राग बरोबरच होता, त्यांचा वेळ जात होता. पण ती गाडी सोडली असती तर चिकलठाण्याहून परत येणाऱ्या शंभर माणसांना दोन गाड्या एकदम मिळाल्या असत्या आणि नंतर अर्धा तास एकही नाही. दुसरा इलाज म्हणजे पुढच्या भरलेल्या गाडीला सांगायचं, कुणी उतरणारं असेल तरच थांब, चढणारे मागच्या गाडीत येतील. थांब्यावरच्या माणसाला हे अपमानासारखं वाटतं. हात केला आणि गाडी निघून गेली! पण मागं रिकामी गाडी असते म्हणूनच ती निघून जाते.

तुझ्या हातात एक गोष्ट आहे. दोन गाड्या एकदम दिसल्या तर मागचीत बस. जागा मिळेल, आणि पुढच्या गाडीच्या दारातली दोन माणसं कमी झाली तर तिचा उशीर तिथंच थांबेल. नियंत्रकाला खिडकीत बसून जे जमत नाही, ते थांब्यावरच्या दहा माणसांनी ठरवलं तर जमतं.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी पंधरा मिनिटांनी गाडी होती, आता वीस-वीस मिनिटं नाही. गाड्या तर तेवढ्याच आहेत म्हणतात. मग गेल्या कुठं? आणि शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत बसलेले दिसतात. (गृहिणी, हडको)

ताई, गाड्या तेवढ्याच असून फेऱ्या कमी होऊ शकतात. हिशोब घाला. एका बाजूला पन्नास मिनिटं, परत पन्नास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा. एक पूर्ण फेरी १२० मिनिटांची. दर १५ मिनिटांनी गाडी द्यायची तर १२० भागिले १५, म्हणजे ८ गाड्या लागतात. आता रस्त्यावर रहदारी वाढली, कुठं खोदकाम निघालं, आणि पन्नास मिनिटांच्या जागी पासष्ट मिनिटं लागायला लागली. फेरी १५० मिनिटांची झाली. गाड्या आठच. १५० भागिले ८, जवळपास १९ मिनिटं. एकही गाडी कुणी काढून नेली नाही, तरी तुमची वाट पाहायची वेळ वाढली. तीच पंधरा मिनिटांची सेवा ठेवायची तर १० गाड्या हव्यात, म्हणजे दोन गाड्या जास्त आणि त्यावरचे चालक-वाहक जास्त. म्हणून मी कायम म्हणतो की जालना रोडवर एक खासगी गाडी वाकडी उभी राहिली, तर तिची किंमत हडकोतली बाई मोजते.

चहाचं सांगतो. टोकाची ती दहा मिनिटं फुकटची नसतात. उशिरा आलेली गाडी वेळेवर परत सोडायची असेल तर मधे थोडी ढील लागते. ती ढील काढून टाकली की सकाळी आठला लागलेला उशीर रात्री आठपर्यंत तसाच पुढं ढकलला जातो. शिवाय चालक माणूस आहे. त्याला लघवीला जायचंय, डोळ्यांवर पाणी मारायचंय. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात इंजिनाची धग. आमच्या काळात मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता. त्यात दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि ड्युटीचा एकूण पसारा बारा तासांपेक्षा जास्त नको, असं सांगितलं होतं. दुपारी फेऱ्या विरळ होतात त्यामागं हेही एक कारण आहे. सकाळी कॉलेज-कंपनीची गर्दी, संध्याकाळी परतीची. दोन्ही गर्द्या त्याच माणसांनी काढायच्या तर मधल्या वेळात त्यांना मोकळं करावं लागतं, गाड्या डेपोला न्याव्या लागतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटसमोर थांबा मिळावा म्हणून आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. अर्ज कुणाकडं करायचा? (एका गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष, बीड बायपास)

अध्यक्षसाहेब, अर्ज जरूर करा, पण त्याआधी माझं मत ऐका. गेटसमोर थांबा मागू नका.

एक थांबा म्हणजे गाडी हळू करणं, बाजूला घेणं, दार, चढ-उतार, डबल बेल आणि परत वेग धरणं. माणूस एकच असला तरी अर्धं मिनिट जातं. तुमच्यासारख्या दहा सोसायट्यांनी दहा थांबे मिळवले तर एका बाजूनं पाच मिनिटं, फेरीला दहा. वरचा हिशोब पुन्हा लावून बघा, काय होतं ते. शहरात साधारण चारशे ते पाचशे मीटरवर एक थांबा असावा असं मानतात. म्हणजे कुणालाही दोन-अडीचशे मीटरपेक्षा जास्त मुख्य रस्त्यानं चालावं लागू नये. तुमच्या जवळचा थांबा आठशे मीटरवर असेल तर तुमची मागणी रास्त आहे. दीडशे मीटरवर असेल तर थांबा मागण्यापेक्षा तिथवर जाणारा फुटपाथ आणि दिवे मागा. बायपासवर अंधारात चालायला बायका भितात, आणि थांबा जवळ हवा म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा तीच भीती असते. ती अर्जात स्पष्ट लिहा.

अर्ज बससेवेच्या व्यवस्थापकाकडं द्या, एक प्रत महापालिकेला, एक वाहतूक पोलिसांना. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवायचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो, आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. तेव्हा तिन्हीकडं कागद पोचलेला बरा.

अर्जात नुसत्या सह्या नकोत. माझ्या टेबलावर सह्यांचे गठ्ठे यायचे, आणि त्यावरून मला काही ठरवता यायचं नाही. सकाळी सात ते दहा किती माणसं निघतात, कुठल्या भागात जातात, आज कशानं जातात, रिक्षाला किती देतात, हे आठवडाभर दोन पोरांनी गेटवर वही घेऊन लिहिलं तरी पुरे. आणि मार्गच आत वळवून हवा असेल तर गाडी वळायची जागा स्वतः मोजून द्या. बारा मीटर लांबीची गाडी एका दमात फिरवायला साधारण चोवीस-पंचवीस मीटरचं मोकळं मैदान लागतं. मागंपुढं करत गाडी वळवायची म्हणजे मागं लेकरं खेळत असतात, वाहकाला खाली उतरून शिट्टी मारत उभं राहावं लागतं. वरच्या तारा किती उंच आहेत, फांद्या कुठं आडव्या येतात, पावसाळ्यात रस्ता काळ्या मातीत जातो का, हेही लिहा. एवढं लिहिलेला अर्ज बाजूला टाकणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जातं.

प्रश्न : माझं वय अडुसष्ट, गुडघे गेलेत. गाडी थांब्याला लागतच नाही, रस्त्याच्या मधे उभी राहते. फुटपाथवरून खाली उतरा, मोटारसायकली चुकवा, मग ती उंच पायरी चढा. आमच्यासारख्यांनी बसनं जायचंच नाही का? (एक आजी, औरंगपुरा)

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

आधी उंचीचं बोलू. शहर बसचा तळ तीन प्रकारचा असतो. जमिनीपासून ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर. ४०० वाल्या गाडीत दारात पायरीच नसते. ९०० वालीत पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पहिलीच पायरी गुडघ्याला जड जाते. आता फुटपाथ बघा. त्याची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे एक वीत नाही भरणार. पण गाडी फुटपाथला चिकटून लागली तर तेवढी उंची तुम्हाला आयती मिळते, पहिली पायरी तेवढी कमी चढावी लागते. गाडी हातभर लांब उभी राहिली की तुम्हाला आधी खाली उतरावं लागतं आणि मग पूर्ण उंची चढावी लागते. तरण्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. तुमच्यासाठी मात्र बस मिळणं आणि न मिळणं यातलं अंतर तेवढंच आहे.

मग ड्रायव्हर जवळ का घेत नाही? थांब्यावर उभं राहून बघितलं की कळतं. बारा मीटरची गाडी फुटपाथला सरळ समांतर लावायची तर तिच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी लागते. आत शिरायला थोडी, उभं राहायला, आणि बाहेर पडायला थोडी. नेमकं तिथं शेडच्या पुढं दोन रिक्षा, मागं एक फळाचा गाडा आणि कुणाचीतरी मोटारसायकल. उरलेल्या जागेत गाडीचं तोंड घुसतं, शेपूट रस्त्यात राहतं, दार फुटपाथपासून दीड मीटरवर. आणि एकदा आत घेतली की परत बाहेर काढायला कुणी जागा देत नाही. मागून हॉर्न सुरू. दोन-तीनदा असं झालं की ड्रायव्हर आत घेणंच सोडून देतो. त्याचं मी समर्थन करत नाही. मोकळी जागा असतानाही रस्त्यात गाडी उभी करणाऱ्याला मी नियंत्रक असताना सोडलं नाही.

बसथांब्यावर दुसरी गाडी उभी करायला वाहतुकीच्या नियमांत मनाई आहे. पण रिक्षावाल्यालाही पोट आहे. त्याला नुसतं हाकललं तर तो दहा मिनिटांत परत येतो, कारण गिऱ्हाईक तिथंच आहे. थांब्याच्या पुढं पंचवीस-तीस मीटरवर त्याला आखून जागा दिली, तर बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक त्याला मिळतं आणि थांबाही मोकळा राहतो. चौकात उन्हात उभ्या राहणाऱ्या पोलिसाला तेवढी रेघ आखून मिळाली तर तो ती पाळून घेतो. ही मागणी तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं लावून धरावी. मी स्वतः सोबत यायला तयार आहे.

आणि तोवर एक करा. गाडी दिसली की हात वर करून ड्रायव्हरकडं बघा, आणि काठी असेल तर ती दिसू द्या. चढताना वाहकाला मोठ्यानं सांगा, "दादा, बसल्यावर बेल मार." एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तुम्ही जागेवर टेकल्याशिवाय दुसरी बेल द्यायची नाही, हे चांगल्या वाहकाला सांगावं लागत नाही, पण सांगितलेलं कुणी मोडत नाही. मशीनवर नजर ठेवून तिकीट फाडणाऱ्या पोराला मागं कोण चढलं ते खरंच दिसत नाही.

प्रश्न : मी परभणीहून शिकायला आलोय. जिथं उतरतो तिथं समोरच्या बाजूला परतीचा थांबा सापडतच नाही. असं का? (विद्यार्थी, विद्यापीठ परिसर)

परतीचा थांबा बरोबर समोर नसतो, थोडा पुढं-मागं असतो. दोन गाड्या आमनेसामने उभ्या राहिल्या तर अरुंद रस्ता पूर्ण बंद होतो, म्हणून ही सरकवासरकव. चौक असेल तर थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर असावा. सिग्नलच्या अलीकडं गाडी उभी राहिली की डावीकडं वळणाऱ्यांची वाट अडते, आणि उतरलेली माणसं गाडीच्या पुढून रस्ता ओलांडतात, जिथं ती कुणालाच दिसत नाहीत. चौकापलीकडं उतरलेली माणसं गाडीच्या मागच्या बाजूनं, सिग्नलपाशी ओलांडतात. तेव्हा परतीचा थांबा शोधताना आधी चौक शोध, मग तो ओलांडून पलीकडं बघ.

जालना रोडवर आणखी एक भानगड आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स इथं उड्डाणपूल आहेत. पुलावरून गेलेली गाडी खालचा थांबा घेऊ शकत नाही. पुलाखाली उभं राहायचं असेल तर आपली गाडी खालून जाते की वरून, हे वाहकाला एकदा विचारून ठेव. आणि बाहेरगावची एसटी शहरातल्या प्रत्येक थांब्यावर थांबत नाही, तिचे थांबे वेगळे. तिच्यात बसून "मला मधे उतरवा" म्हणून वाद घालू नकोस. गावाकडच्या साध्या गाडीला विनंती थांबा असतो, तिथं हात केला की ती थांबते. पण तो यादीत ठरलेला असतो, मनाला येईल तिथला नव्हे.

प्रश्न : एसटीत मला अर्धं तिकीट लागतं. शहर बसमध्ये वाहकानं पूर्ण घेतलं. तक्रार करू का? (एक वाचक भगिनी, जालना)

नको. महिलांना निम्मं भाडं ही मार्च २०२३ पासूनची सवलत एसटीच्या गाडीतली आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास, २०२२ पासूनचा, तोही एसटीचाच. शहर बस ज्या संस्थेची असेल तिच्या सवलती आणि पास वेगळे असतात. भाड्याचे टप्पेही वेगळे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, शहर बसचा त्याहून आखूड. रोज जात असाल तर पासची चौकशी करा, महिन्याच्या सुट्या तिकिटांपेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

प्रश्न : बसमध्ये कागदपत्रांची पिशवी राहिली. गाडीचा नंबर माहीत नाही. सापडेल का? (एक शेतकरी, बिडकीन)

तिकीट टाकलं नसेल तर सापडायची आशा आहे. मशीनच्या तिकिटावर तारीख, वेळ, कुठून कुठं, आणि गाडीचा किंवा वाहकाचा क्रमांक असतो. त्यावरून त्या वेळेला ती फेरी कोणत्या गाडीनं केली ते डेपोत काढता येतं. तिकीट नसेल तर किती वाजता, कुठल्या थांब्यावर चढलात-उतरलात आणि कुठल्या बाजूच्या सीटवर होतात, एवढं लिहून न्या. फोनवर काम होत नाही, स्वतः जा, आणि संध्याकाळी जा. गाड्या डेपोला आल्यावर वाहक हिशोब भरतात, तेव्हा सापडलेल्या वस्तूही तिथंच जमा करतात. सातबारा, आधार असं काही असेल तर पिशवीत कोणकोणते कागद आहेत ते अर्जात लिहा, म्हणजे ओळख पटवून लगेच ताब्यात देता येतं. पिशवीवर नाव-गाव लिहायची सवय आता घरातल्या सगळ्यांनाच लावा.